टोकियोत बिऱ्हाड: निशिकासाईतच राहावं की बाहेर पडावं?

चिंचगूळ | 3 जून, रात्री 11:10

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

एप्रिलच्या शेवटी आम्ही तिघं डोंबिवलीहून टोकियोला आलो. नवऱ्याची बदली, मुदत तीन वर्षं म्हणतात. मुलगी सात वर्षांची. सध्या कंपनीनं दिलेल्या तात्पुरत्या जागेत आहोत, ती जुलैअखेर सोडायची आहे.

कागदपत्रांची मला फार धास्ती होती, पण ते प्रकरण त्यातल्या त्यात सरळ निघालं. झायर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, विमानतळावरच हातात पडलं, चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवला. अडलं ते नावापाशी. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव अशी साग्रसंगीत तीन पदं. बँकेच्या फॉर्मवरचे चौकोन आडनाव यायच्या आतच संपले. काउंटरवरच्या बाईंनी तीन वेळा वाकून माफी मागितली, जणू बारसं त्यांनीच केलं होतं. आणि दवाखान्यात मला नवऱ्याच्या नावानं पुकारतात. आता मी उठतेही.

खरा प्रश्न घराचा. नवऱ्याचं ऑफिस ओतेमाचीत. निशिकासाई या भारतीयांच्या वस्तीहून मेट्रोच्या तोझाई लाईननं थेट, वीसेक मिनिटं. जो तो म्हणतो तिकडेच जा. आम्ही दोनदा जाऊन आलो. स्टेशनबाहेर पाच मिनिटांत दोनदा मराठी कानावर पडलं. दुकानात कढीपत्ता, पोहे, एका फळीवर चक्क गोडा मसाला. घरी येऊन मी रडले, आणि मग स्वतःचाच राग आला. डोंबिवलीच हवी होती तर डोंबिवली काय वाईट होती?

दुसरी जागा त्याच लाईनच्या दुसऱ्या अंगाला, ओगिकुबोला. ऑफिसला अर्धा तास. गल्ल्या सुरेख, घर लहान पण उजेडाचं. आजूबाजूला भारतीय जवळपास नाहीत. मुलीसाठी भारतीय शाळेत प्रतीक्षायादीवर आहोत, नाहीतर सरकारी जपानी शाळा. अनुभवी लोकांनी सांगा, तुम्ही काय केलंत?

तोझाई_प्रवासी | 4 जून, सकाळी 7:25

ताई, स्वागत. मी अकरा वर्षं निशिकासाईत आहे, तेव्हा मत एकतर्फी असणार, आधीच सांगतो.

ही वस्ती कुणी ठरवून वसवलेली नाही. चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी 1979 च्या सुमारास इथे आले, तेव्हा स्टेशनही नवंकोरं होतं. पुढे वायटूकेच्या घोळात, म्हणजे 2000 साल उजाडताच संगणक बिघडतील या भीतीत, 1999-2000 साली, आपले आयटीवाले मोठ्या संख्येनं आले. त्यांना ना कुणी घर देई, ना शाकाहारी जेवण मिळे. चंद्राणींनी त्या पोरांची सोय लावली आणि मग एकाच्या ओळखीनं दुसरा येत गेला. दुसरं कारण यूआरच्या इमारती, म्हणजे सरकारी मालकीच्या संस्थेची भाड्याची घरं. तिथे हमीदार लागत नाही आणि परदेशी म्हणून नकार मिळत नाही.

आपल्यातलेच योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, नंतर इबाराकीत सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. त्यामुळे 'निशिकासाईत राहिलं की जपान कळत नाही' हे मला पटत नाही.

गर्दीचं मात्र खरं. कोविडच्या आधी आमच्या लाईनवर किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात सकाळची गर्दी क्षमतेच्या 199 टक्के मोजली होती, देशात सगळ्यात जास्त. आता तितकी नाही. डोंबिवलीकरांनी हसू नये. फरक एवढाच की इथे लोक गप्प राहून चेंगरतात. आणि जलद गाडी निशिकासाईला थांबत नाही, समोरून निघून जाते. त्या बाबतीत अगदी ठाकुर्ली.

बंड्या_नाना | 4 जून, सकाळी 9:02

ठाकुर्लीचा जाहीर निषेध. बाकी चालू द्या.

गोगलगाय | 4 जून, दुपारी 1:15

भावनांचं इतर पाहतील, मी पैशाचं सांगतो.

समजा भाडं दीड लाख येन. खासगी घराला साधारण हे लागतं: एक महिना अनामत, एक महिना रेइकिन म्हणजे मालकाला 'धन्यवाद' म्हणून दिलेले आणि कधीही परत न येणारे पैसे, एक महिना एजंट, अर्धा ते एक महिना हमी कंपनी, वर पहिलं भाडं. झाले सात लाख. कुलूप बदलणं आणि आगीचा विमा वेगळा. शिवाय टोकियोत दर दोन वर्षांनी करार वाढवताना बहुतेक ठिकाणी आणखी एक महिन्याचं भाडं.

यूआरमध्ये दोन महिने अनामत आणि भाडं. रेइकिन नाही, एजंट नाही, नूतनीकरणाचे पैसे नाहीत. अट उत्पन्नाची: भाडं कमी असेल तर महिन्याचा पगार भाड्याच्या चौपट दाखवावा लागतो, दीड लाखाच्या घराला मात्र कुटुंबासाठी साधारण तीन लाख तीस हजार येन पुरतात.

आणखी एक, जे पहिल्या वर्षी कुणी सांगत नाही. रहिवासी कर आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर, त्यामुळे पहिल्या वर्षी तो नसतोच. पगार हातात छान येतो, माणूस सोफा घेतो. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये करपात्र उत्पन्नाच्या साधारण दहा टक्के कापायला सुरुवात होते. माझा सोफा अजून आहे, पण त्याच्याकडे बघवत नाही.

अनवाणी | 4 जून, रात्री 10:48

चिंचगूळ, मी टोकियोतच नेरिमा वॉर्डात राहते, सहा वर्षं झाली. इमारतीत आम्ही एकटेच भारतीय. तरी 'बाहेर पड' असं सरसकट सांगणार नाही, कारण तुझ्या धाग्यात एक गोष्ट मला दिसलीच नाही. नवऱ्याच्या ऑफिसला किती मिनिटं ते आहे. मुलीची शाळा आहे. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात तू काय करणार आहेस, ते कुठे आहे?

घर निवडताना आम्हीही हेच केलं. नवऱ्याचा प्रवास, स्टेशनपासून अंतर, भाडं. पहिले आठ महिने मी कोन्बिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास दुकानातल्या, मुलाखेरीज कुणाशी बोलले नाही, आणि तोही फक्त 'पिशवी हवी का' एवढंच विचारायचा. उत्तर द्यायची मी तालीम करून जायचे. पुण्यात माझी नोकरी होती, चाळीस माणसं हाताखाली.

आता व्यवहाराचं. डिपेंडंट व्हिसावर नुसतं बसून राहायला लागत नाही. इमिग्रेशनकडून वेगळी परवानगी घेतली की आठवड्याला 28 तास काम करता येतं. कार्डाच्या मागे शिक्का मारून देतात. वॉर्डांमध्ये स्वयंसेवक भाषेचे वर्ग चालवतात, फी नावापुरती. मी तिथून सुरुवात केली, आज एका भाषांतराच्या कामावर आहे. तुझं जपानी कितपत आहे?

चिंचगूळ | 5 जून, सकाळी 6:30

अनवाणी, तुझा प्रतिसाद रात्री तीनदा वाचला. नवऱ्यालाही वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मी विचारायला हवं होतं." एवढंच.

जपानी म्हणाल तर हिरागाना, कताकाना या दोन सोप्या लिप्या येतात. कांजीत, म्हणजे चिनी चित्राक्षरांत, 'स्त्री', 'पुरुष', 'मांस' आणि 'अर्धी किंमत'. डोंबिवलीत मी शाळेत गणित शिकवत होते, बारा वर्षं. धाग्यात लिहिलं नाही खरं. का कोण जाणे.

पैठणी_आजी | 5 जून, सकाळी 11:20

मी नाशिकला असते. मुलीच्या बाळंतपणासाठी दोनदा नव्वद नव्वद दिवस टोकियोला राहून आले, म्हणून बोलते. मुलीचं घर अशा ठिकाणी होतं की चार स्टेशनांत साडी नेसलेली मी एकटी. लोक फार सभ्य. कुणी वळूनसुद्धा बघत नव्हतं. त्या न बघण्याचाच मला जास्त त्रास झाला बघा.

मग जावई एका रविवारी निशिकासाईला घेऊन गेले. बागेत एक सोलापूरच्या बाई भेटल्या, त्याही बाळंतपणालाच आलेल्या. आम्ही दोन तास बोललो. काय बोललो ते विचारू नका, बहुतेक हिंग आणि सुना. पण त्या रात्री मला झोप लागली. तुझे आईवडील, सासूसासरे येणार असतील तर हाही विचार कर गं बाळा. आम्हाला तोंड उघडायला जागा लागते.

बंड्या_नाना | 5 जून, दुपारी 12:05

आजींना साष्टांग.

आता जीवनमरणाचा प्रश्न: मिक्सर आणलाय का? आणला असेल तर तसाच लावू नका. इथे वीज शंभर व्होल्ट. आपला दोनशे तीसचा मिक्सर तिच्यावर नुसता कण्हतो. चटणी होत नाही, खोबऱ्याचा अपमान होतो. एकतर व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर घ्या, तोही मिक्सरच्या वॅटेजला पुरेल असा दणकट, नाहीतर इथलाच मिक्सर घ्या. आणि गंमत म्हणजे टोकियोत वीज 50 हर्ट्झ, ओसाकाकडे 60. एकाच देशात. फुजी नदीच्या आसपास हद्द आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, मेइजी काळात, एकीकडे जर्मन यंत्रं आणली, दुसरीकडे अमेरिकन, ते आजतागायत निस्तरतायत.

अवांतर: रात्री नऊनंतर मिक्सर नको. मला चिठ्ठी आली होती. इतक्या सुंदर अक्षरात तक्रार मी आयुष्यात पाहिली नाही.

खारफुटी | 5 जून, रात्री 9:40

निशिकासाईचं इतकं कौतुक चाललंय म्हणून हेही लिहून ठेवते. एदोगावा वॉर्डाची साधारण सत्तर टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. वॉर्डानंच 2019 मध्ये पुराच्या धोक्याचा नकाशा घरोघर वाटला, त्याच्या मुखपृष्ठावर स्वतःच्याच वॉर्डाविषयी लिहिलं होतं, 'इथे थांबू नका'. मोठा पूर आला तर पाणी एकदोन आठवडे ओसरणार नाही असं त्यात स्पष्ट आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात हागिबिस वादळ आलं. आम्ही रात्रभर बॅगा भरून बसलो होतो. इथे पूर आला नाही, पण ती रात्र आठवते.

घाबरवायचं नाहीये, मी अजून तिथेच राहते. पण घर घेताना मजला बघा आणि नकाशा हातात घेऊन कुठे जायचं ते आधी ठरवा. भूकंपाचं म्हणाल तर फोन कर्कश ओरडतो, मग काही सेकंद मिळतात. टेबलाखाली. कपाटं भिंतीला ठोकून घ्या, भाड्याच्या घरात भोक पाडता येत नाही म्हणून छताला टेकणाऱ्या दांड्या मिळतात. मुलांना शाळेत हे आपल्यापेक्षा चांगलं शिकवतात.

तोझाई_प्रवासी | 5 जून, रात्री 10:15

खारफुटींशी सहमत. मी चौदाव्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद पडली की तेही महागात पडतं म्हणा.

वाचनमात्र | 7 जून, दुपारी 3:30

आयडी नऊ वर्षं जुना आहे, प्रतिसाद पहिला.

शाळेबद्दल लिहिते. आमचा मुलगा दुसरीत सरकारी जपानी शाळेत गेला, एक अक्षर येत नसताना. परदेशी मुलांना सक्ती नाही, पण वॉर्डात अर्ज केला की घेतात आणि शिकवणीची फी नाही. पहिले तीन महिने फार वाईट गेले. तो शाळेत बोलेना, घरी आला की दारातच बूट फेकून द्यायचा. बाईंनी त्याच्या बाकाजवळच्या खिडकीवर, फळ्यावर, दारावर जपानी शब्दाखाली त्याच्याकडून देवनागरी शब्द लिहून घेतले. सगळा वर्ग 'खिडकी' म्हणायला शिकला. 'ड'चं काय व्हायचं ते सोडून द्या.

जेवणाचा प्रश्न येतो. आम्ही शाकाहारी. माशाच्या अर्काशिवाय इथे पाणीसुद्धा उकळत नाही अशी परिस्थिती. शाळेशी बोलून डबा चालेल असं ठरवलं. महिन्याच्या जेवणाचा तक्ता आधी येतो, त्यातून चालणारे पदार्थ रंगवायचे आणि बाकी दिवशी डबा. वरण, पोळी, भाजी. सुरुवातीला तो डबा लपवून खायचा, मग मुलं पोळी मागायला लागली आणि पोळी पुरेना.

मुलं शाळेत एकटी चालत जातात, सातव्या वर्षी. वाटेत कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळा झेंडा घेऊन आजोबा उभे असतात. शाळा सुटल्यावर एदोगावात सुकुसुकु स्कूल असतं, शाळेतच मुलं संध्याकाळपर्यंत खेळतात. भाषा खरी तिथे आली, वर्गात नाही.

आणि आता दुसरी बाजू. तो सहावीत आहे, आणि मराठीत मला उत्तर देत नाही. समजतं सगळं. आजोबांशी फोनवर 'हो' आणि 'बरं' यावर भागवतो. तीन वर्षांनी परत जाणार हे नक्की असेल तर सीबीएसईची शाळाच बरी, नाहीतर मूल दोन्हीकडून सुटतं. नक्की नसेल तर... इथेच माझं गाडं अडतं, म्हणून नऊ वर्षं लिहिलं नव्हतं.

गोगलगाय | 7 जून, दुपारी 4:10

वाचनमात्र, लिहीत जा.

मुलांच्या दवाखान्याचा खर्च टोकियोत 2023 पासून 18 वर्षांपर्यंत जवळपास शून्य आहे. वॉर्डाचं वेगळं कार्ड मिळतं, ते मागून घ्या. मोठ्यांना विम्यानंतर तीस टक्के.

कोल्हापुरी_भिशी | 8 जून, सकाळी 8:20

भाजीचं कुणीच बोललं नाही म्हणून. गवार, तोंडली विसरा, फ्रोझनवर भागवा. पण इथल्या साध्या सुपरमार्केटात जे आहे तेही बघा. दायकॉन म्हणजे मुळाच, पाल्यासकट मिळाला तर सोडू नका. सातोइमो म्हणजे अळकुड्यांची बहीण. गोया म्हणजे कारलं, अंगावरच्या खडबडीसकट. आणि कोमात्सुना. या पालेभाजीचं नावच मुळी एदोगावातल्या कोमात्सुगावावरून आलं, अठराव्या शतकातला लष्करी शासक, शोगुन योशिमुने, यानं ठेवलं असं सांगतात. ताक आणि बेसन लावून पातळ भाजी करा, वर लसणाची फोडणी. तांदूळ चिकट म्हणून नाक मुरडतात लोक, पण इंद्रायणी खाल्लेल्याला तो परका नाही. मऊभात आणि मेतकूट तर फर्मास.

चिंचगूळ | 29 जून, रात्री 10:30

उशिरा लिहितेय, माफ करा.

आम्ही ओगिकुबो ठरवलं होतं. अनवाणीशी फोनवर बोलले, तिकडे नेपाळी लोक बरेच आहेत, त्यांची शाळाही आहे, त्यामुळे डाळी-मसाल्यांची अडचण नाही हेही कळलं. फॉर्म भरला, पगाराचे कागद दिले. चार दिवसांनी एजंटचा फोन आला. मालकांना परदेशी भाडेकरू नको आहेत. एजंट फार अदबीनं सांगत होता. तेवढ्या अदबीनं सांगितलं की भांडताही येत नाही. दुसरं घर पाहिलं, तिथेही तेच.

तर यूआर. निशिकासाईत, पाचवा मजला. तत्त्वाचा एवढा काथ्याकूट केला आणि निर्णय दुसऱ्याच कुणी घेतला.

शाळेचं मात्र आम्ही ठरवलं. भारतीय शाळेतून जागा झाल्याचं पत्र आलं होतं. आम्ही मुलीलाच दोन्ही शाळा दाखवल्या. सरकारी शाळेत एकचाकी सायकली ठेवलेल्या होत्या. तिचा निर्णय तिथेच झाला. वाचनमात्र, तुमचं शेवटचं वाक्य रोज आठवतं. रात्री अर्धा तास मराठी वाचायचं असं ठरवलंय, बघू किती टिकतं.

अनवाणी | 29 जून, रात्री 11:05

नकाराचं वाईट वाटलं. आम्हाला चौथ्या घरी होकार मिळाला होता, तो किस्सा मी कधी लिहिला नाही. शनिवारी ये. वर्गाचा पत्ता निरोपातून पाठवते.

बंड्या_नाना | 30 जून, सकाळी 8:45

पाचवा मजला म्हणजे खारफुटीबाईंच्या नकाशात कितपत बसतो? बाकी गृहप्रवेशाला शेजारच्या घरांत छोटीशी भेट द्यायची पद्धत आहे, टॉवेल किंवा गोड काहीतरी. चितळ्यांची बाकरवडी देऊ नका. एकदा दिली, आता दर दिवाळीला वाट बघतात.

चिंचगूळ | 24 ऑगस्ट, दुपारी 4:50

सध्या जमिनीवर बसून नावं लिहितेय. शाळा एक सप्टेंबरला. प्रत्येक वस्तूवर नाव हवं म्हणजे प्रत्येक वस्तूवर. खडूची पेटी नव्हे, एकेक खडू. गणिताच्या पेटीतल्या इवल्याशा ठोकळ्यांवर, काड्यांवर, घड्याळाच्या पुठ्ठ्यावर. बारा वर्षं गणित शिकवलं, पण मोजायच्या काडीला मालक असतो हे माहीत नव्हतं. आडनाव मावत नाही. वडिलांचं नाव मी पहिल्याच खडूवर गाळलं. नवऱ्यानं शेजारी बसून पाहिलं, आणि पुढचा खडू माझ्या हातात दिला.

अनवाणीच्या वर्गात आता दर शनिवारी जाते. तिथल्या एक निवृत्त बाई मला जपानी शिकवतात, त्यांच्या नातवाला अपूर्णांक अडलेत, ते मी समजावते. त्याला आईकडून आलेली जपानी येते आणि मला फळ्यावरची, गणिताची भाषा. भागतं. 28 तासांच्या परवानगीचा अर्जही टाकलाय.

खालच्या मजल्यावरच्या आजी कचऱ्याच्या दिवशी आठच्या आत जाळीपाशी उभ्या असतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझी पिशवी परत वर आणून दिली होती, आतली बाटली बोटानं दाखवत. आता नुसती मान हलवतात.

बरं, तातडीचं: गणपती तीन दिवसांवर आलेत. शाडूची छोटी मूर्ती बरोबर आणली आहे, विसर्जन बादलीत. मोदकाची पिठी मात्र दुकानात संपली. इथल्या कुठल्या पिठाची उकड निघेल?

कोल्हापुरी_भिशी | 24 ऑगस्ट, संध्याकाळी 5:10

जोशिन्को. कुठल्याही सुपरमार्केटात, बेकिंगच्या फळीवर. तांदळाचीच पिठी आहे. शिरातामाको उचलू नका, ती चिकट भाताची, मोदक बसतील.

पैठणी_आजी | 24 ऑगस्ट, संध्याकाळी 7:35

जोशिन्कोनं मी मुलीकडे केले होते. पाणी आपल्यापेक्षा थोडं कमी घे, आणि उकड गरम असतानाच मळ, हाताला तेलपाणी लावून. कळ्या जरा जाड राहतात, राहू देत. नारळ ताजा मिळाला नाही तर फ्रोझन खोवलेला चालतो, पण आधी पाणी पिळून टाक. आणि पाच त्या खालच्या आजींना नेऊन दे.

बंड्या_नाना | 24 ऑगस्ट, रात्री 8:00

नारळ वाटायचा झाला तर नऊच्या आत.